थंडी पडली नाही तर हापूसचं काय होतं? पावसच्या बागांमधून समजून घेऊ

डिसेंबर लागला की सोशल मीडियावर थंडीच्या पोस्टी सुरू होतात. कुणाची शेकोटी, कुणाचा धुक्यातला चहा, तर कुणाची तक्रार, "यंदा स्वेटर कपाटातच राहिला!" मग मार्च येतो आणि दुसऱ्या पोस्टी सुरू होतात. हापूसच्या पेटीचा भाव, त्यावरचे विनोद, आणि "दरवर्षी हे आंबावाले रडतातच" असं म्हणणारे.

या दोन्ही पोस्टींचा एकमेकींशी अगदी जवळचा संबंध आहे. तो समजून घ्यायला आपण रत्नागिरीजवळच्या पावसला जाऊ.

रत्नागिरी शहरातून भाट्याचा पूल ओलांडून दक्षिणेला निघालं की अठरा-वीस किलोमीटरवर पावस लागतं. बाहेरच्या लोकांना हे गाव स्वामी स्वरूपानंदांच्या समाधी मंदिरामुळे माहीत असतं. मंदिराकडे जाणारा रस्ता मात्र आंब्याच्या कलमांमधून जातो. गोळप, पावस, गणेशगुळे, पूर्णगड हा सगळा पट्टा हापूसचा. कातळ फोडून, खड्ड्यात माती भरून लावलेली कलमं इथे आहेत, आणि आजोबांनी लावलेली जुनी झाडंही आहेत. गावाचं नाव पावस असलं तरी गावात पैसा येणार की नाही, हे बऱ्याच अंशी थंडी ठरवते.

कोकणात कुठे थंडी असते?

प्रश्न रास्त आहे. निफाडच्या माणसाला रत्नागिरीची थंडी म्हणजे चेष्टा वाटेल. इथे जानेवारीत रात्रीचं सरासरी तापमान १८-१९ अंशांच्या आसपास उतरतं आणि दुपारी पुन्हा तीस-एकतीस अंश होतात. डोंगरावरचं दापोली याहून बरंच गार असतं. समुद्राकाठच्या पावसला पहाटे एखादी चादर अंगावर घ्यावीशी वाटली म्हणजे थंडी पडली.

पण आंब्याला एवढीच थंडी हवी असते. आंबा हे उष्ण प्रदेशातलं सदाहरित झाड आहे. त्याला बर्फ नको, धुकं तर मुळीच नको. रात्रीचा पारा विशीच्या खाली, शक्यतो पंधरा ते अठराच्या दरम्यान काही आठवडे टिकला, आकाश निरभ्र राहिलं आणि हवा कोरडी असली की त्याचं काम होतं.

इथे सफरचंदाशी गल्लत होते. सफरचंदाची फुलाची कळी आदल्या उन्हाळ्यातच तयार झालेली असते. ती झोपलेली असते आणि तिला जागं व्हायला थंडीचे ठरावीक तास लागतात, म्हणून हिमाचलात सात अंशांखालचे तास मोजतात. आंब्याचं तसं नाही. आंब्याच्या फांदीच्या टोकाला जी कळी असते, तिचं काय व्हायचं हेच आधी ठरलेलं नसतं. तिच्यातून पालवी फुटू शकते किंवा मोहोर. थंडी हा निर्णय मोहोराच्या बाजूने लावते.

झाड निर्णय कसा घेतं?

तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली, फांदीचं वय. कोवळ्या फांदीला मोहोर येत नाही, ती किमान चार-पाच महिन्यांची पक्व असावी लागते. दुसरी, ताण. पावसाळा संपून जमीन वाळली की झाडाची नवी वाढ थांबते. तिसरी गोष्ट म्हणजे गार रात्री. पक्व पानांमध्ये फुलोऱ्याचा संदेश देणारं द्रव्य तयार होतं आणि ते टोकाच्या कळीपर्यंत पोचतं. झाडातच जिबरेलिन नावाचं वाढीचं संप्रेरक असतं, ते याच्या उलट ओढतं. जिबरेलिन जास्त असेल तर पालवी येते. गारठ्यात वाढ मंदावते, हे संप्रेरक मागे पडतं आणि मोहोराचं पारडं जड होतं.

पावसच्या कातळाचा इथे फायदा होतो. जांभ्या दगडावरची माती पातळ असते आणि पाणी धरून ठेवत नाही. पाऊस थांबला की ऑक्टोबरच्या उन्हात ती झटकन वाळते, झाडाला ताण लवकर बसतो. त्यामुळे साल चांगलं असेल तर इथल्या बागा नोव्हेंबरच्या अखेरीस मोहोरतात आणि मार्च-एप्रिलमध्ये आंबा तयार होतो. बाजारात लवकर गेलेला आंबा म्हणजे चांगला भाव.

कॅलेंडर असं आहे: ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मॉन्सून माघारी जातो, महिनाभर ऊन तापतं, नोव्हेंबरात ईशान्येकडून कोरडे वारे सुरू होतात, रात्री गार होतात, कलमं मोहोरतात. पिढ्यान्‌पिढ्या बागायतदारांनी हेच पाहिलं होतं. अलीकडे यातली एकेक तारीख हलते आहे.

उबदार हिवाळ्यात नेमकं बिघडतं काय?

सुरुवात ऑक्टोबरपासूनच होते. पाऊस लांबला किंवा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अवकाळी येऊन गेला की कातळावरची माती पुन्हा ओली होते. वर रात्रीही उबदार. झाडाला वाटतं वाढीचा मोसम आहे. मोहोराऐवजी तांबूस कोवळी पालवी फुटते. बघायला ती सुंदर असते, पर्यटक फोटो काढतात. बागायतदाराच्या मात्र पोटात गोळा येतो, कारण पालवी फुटलेली फांदी पुन्हा पक्व व्हायला काही महिने जातात. त्या फांदीचं त्या वर्षीचं पीक गेलं, नाहीतर जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत लांबलं.

२०१७च्या डिसेंबरात ओखी चक्रीवादळाचे अवशेष किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेले, तेव्हा ऐन मोहोराच्या दिवसांत कोकणात ढग आणि पाऊस होता. २०२१च्या डिसेंबरची सुरुवातही पावसानेच झाली. अशा वेळी एक सर सगळा हंगाम पुढे ढकलू शकते.

कोवळी पालवी आणि ओला मोहोर हे तुडतुड्यांचं आवडतं खाणं. ही बारीक पाचरीच्या आकाराची कीड रस शोषते, अंगातून चिकट गोड स्राव टाकते आणि त्यावर काळी बुरशी वाढते. झाडाखाली उभं राहिलात तर पानांवरून बारीक सरसर ऐकू येते, ते तुडतुडे उडत असतात. ढगाळ, दमट, उबदार हवा त्यांना फार मानवते. त्यांच्या जोडीला मोहोरावर पांढरी पूड पसरवणारी भुरी, पाऊस-दवात वाढणारा करपा, आणि गेल्या काही वर्षांत बागायतदारांना सगळ्यात जास्त छळणारे फुलकिडे, ज्यांना सगळे थ्रिप्सच म्हणतात. थ्रिप्सनी खरवडलेल्या कैरीची साल खरखरीत, तपकिरी होते. आतून आंबा चांगला असला तरी तो डागी ठरतो आणि त्याची पेटी भरत नाही, तो कॅनिंगला जातो.

पुढचा घाव फेब्रुवारीत बसतो. मोहोरातून कणी धरलेली असते, म्हणजे वाटाण्याएवढी, सुपारीएवढी फळं. तेव्हाच तापमान अचानक ३६-३७ अंशांवर गेलं की फुलं करपतात आणि कणी गळते. थोडी गळ दरवर्षी होतेच. एका मोहोरात शेकडो फुलं असतात आणि शेवटी फळं टिकतात एक-दोन. पण गार रात्री आणि एकदम तापलेल्या दुपारी अशी तफावत आली की झाडाखाली बारीक कैऱ्यांचा सडा पडतो. कातळावर हा त्रास जास्त, कारण वरून ऊन आणि खालून तापलेला दगड. हापूसच्या गरात जो साका होतो, म्हणजे बाहेरून देखणा आणि आतून पांढरट-आंबट स्पंजासारखा गर, त्याचाही उष्णतेशी संबंध जोडला जातो. त्यावर १९३०च्या दशकापासून संशोधन चालू आहे.

मग जितकी जास्त थंडी तितका जास्त आंबा?

नाही. हा समज व्हॉट्सॲपवर बराच फिरतो, म्हणून स्पष्ट सांगायला हवं.

मोहोरात दोन प्रकारची फुलं असतात, नुसती नर आणि नर-मादी दोन्ही भाग असलेली संयुक्त. फळ फक्त संयुक्त फुलांतूनच धरतं. मोहोर बाहेर पडत असताना कडाका फार असेल तर नर फुलांचं प्रमाण वाढतं. पारा फार उतरला की परागकणही नीट काम करत नाहीत आणि परागीकरण करणाऱ्या माश्यांची वर्दळ मंदावते. झाड मोहोराने पांढरं दिसतं, पण फळ धरत नाही. बागायतदार अशा मोहोराला "फुसका" म्हणतात, आणि तो शब्द बरोबर आहे.

दुसरी अडचण पुनर्मोहोराची. पहिल्या मोहोराला कणी धरली आणि त्यानंतर जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा थंडीची लाट आली, तर त्याच फांदीवर दुसरा मोहोर फुटतो. झाडाचं अन्न नव्या फुलोऱ्याकडे वळतं आणि आधीची कणी गळून पडते. हे थांबवण्यासाठी दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ जिबरेलिक आम्लाची फवारणी सुचवतं. वर जे संप्रेरक मोहोराच्या विरोधात काम करतं असं वाचलंत, तेच इथे नको असलेला मोहोर अडवायला वापरायचं.

म्हणजे आंब्याला थंडी वेळेवर हवी, बेताची हवी आणि सलग हवी. हिवाळा उबदार झाला की यातलं "सलग" आधी तुटतं. पाच दिवस गारवा, मग दहा दिवस ढग, मग एकदम थंडी, मग ऊन. एकाच झाडाची एक बाजू मोहोरलेली, दुसरीकडे पालवी, तिसऱ्या फांदीवर कणी, असं दृश्य आता नवलाचं राहिलेलं नाही. अशा झाडावर औषध कुठल्या अवस्थेचं मारायचं?

थंडी जाते कुठे?

किनाऱ्यावर थंडी तयार होते ती मुख्यतः निरभ्र रात्री. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडते. ढग आले की ते पांघरुणासारखे ती उष्णता अडवतात आणि पारा उतरत नाही. अरबी समुद्रात किंवा बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की कोरड्या ईशान्य वाऱ्यांऐवजी दमट वारे येतात आणि त्यांच्याबरोबर ढग. अरबी समुद्राचं पाणीही तापत चाललं आहे, आणि गेल्या दोन दशकांत तिथली वादळं आधीपेक्षा वाढली आहेत, हे हवामान शास्त्रज्ञांनी नोंदवलंय.

देशपातळीवरचे आकडे बघा. भारतीय हवामान विभागाच्या १९०१पासूनच्या नोंदींमध्ये फेब्रुवारी २०२३ दिवसाच्या सरासरी कमाल तापमानात सर्वांत उष्ण ठरला. ऑक्टोबर २०२४ हा सर्वांत उष्ण ऑक्टोबर, २०२४ हे सर्वांत उष्ण वर्ष, आणि फेब्रुवारी २०२५ हा सरासरी तापमानात सर्वांत उष्ण फेब्रुवारी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी म्हणजे ताण बसण्यापासून कणी धरण्यापर्यंतचा हापूसचा काळ. विक्रम नेमके त्याच महिन्यांत मोडतायत.

याचा फटका एकट्या आंब्याला नाही. काजूचा मोहोरही याच दिवसांत येतो आणि ढगाळ हवेत त्यावर ढेकण्या तुटून पडतो. भातानंतर जमिनीतल्या ओलीवर आणि दवावर येणारे वाल-पावटे दव कमी झालं की खुरटतात. घाटावर गव्हाचा दाणा भरताना उष्णता आली तर तो बारीक राहतो. २०२२चा मार्च तापला, गव्हाचं उत्पादन घटलं आणि त्याच वर्षी १३ मे रोजी केंद्राने गव्हाची निर्यात थांबवली, हे आठवत असेल.

हंगाम दोन्ही बाजूंनी चेपला जातोय

मोहोरापासून काढणीयोग्य आंबा तयार व्हायला साधारण साडेतीन-चार महिने लागतात. नोव्हेंबर अखेरचा मोहोर म्हणजे मार्च अखेरचा आंबा. मोहोर जानेवारी अखेर गेला की आंबा मेच्या मध्यावर किंवा त्यानंतर.

आणि मेमध्ये आता काय होतं? २०२१ला १६ मेच्या सुमारास तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याजवळून गेलं आणि झाडावर राहिलेला आंबा खाली आला. २०२५ला मॉन्सून २५ मे रोजी सिंधुदुर्गात आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत पोचला. त्याआधीही पूर्वमोसमी पाऊस पडत होताच. पाऊस लागलेला आंबा टिकत नाही, फळमाशी लागते, दलाल हात लावत नाही. उशिरा आलेली थंडी आणि लवकर आलेला पाऊस यांच्या मध्ये जे उरतं, तेवढाच बागायतदाराचा हंगाम.

खर्च मात्र पूर्ण हंगामाचा. पालवी आली म्हणून राखणी बंद करता येत नाही. पावस परिसरातल्या बागांमध्ये ऑक्टोबरपासून नेपाळी कामगार राहायला येतात, त्यांचा पगार आणि शिधा चालू असतो. विद्यापीठाचं फवारणीचं वेळापत्रक पाच-सहा फवारण्यांचं आहे. हवा बिघडली की माणूस घाबरून आठ, दहा मारतो. कोणाची बाग स्वतःची नसते, कराराने घेतलेली असते, त्याला मालकाची रक्कम आधीच मोजायची असते. वाशीच्या दलालाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असेल तर पेट्या त्यालाच पाठवाव्या लागतात, भाव काहीही असो. आंबा कमी आला की भाव वाढतो, म्हणून बागायतदाराचं नुकसान होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघावा. भाव दुप्पट झाला आणि पेट्या चौथाई आल्या, तर हातात काय राहील?

उपाय आहेत, पण

पॅक्लोब्युट्राझोल हे नाव ऐकलं नसेल, पण 'कल्टार' बागायतदारांच्या तोंडी असतं. हे रसायन झाडातलं जिबरेलिन कमी करतं. १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान झाडाच्या विस्ताराच्या दर मीटरला तीन मिली या हिशेबाने ते मुळांपाशी देतात. हापूस मुळात एक वर्षाआड भरपूर येणारं झाड, ते दरवर्षी यावं म्हणून दापोली विद्यापीठाने ही शिफारस केली आणि कोकणातल्या बागांचं गणित बदललं. मोहोर लवकर आणि नक्की येण्याची शक्यता त्याने वाढते. पण आलेला मोहोर ढगाळ हवेत टिकवणं त्याच्या हातात नाही. कोणतीही मात्रा, कोणत्याही झाडाला, दरवर्षी असं दिलं तर झाडं थकतात, फुटवे आखूड येतात. कराराने घेतलेल्या बागांमध्ये हे प्रकार होतात, कारण पुढच्या वर्षी बाग आपल्याकडे असेलच असं नसतं.

फेब्रुवारीच्या गळीवर पाणी देणं हा उपाय आहे. वाटाण्याएवढी कैरी झाली की दर पंधरा दिवसांनी झाडाला दीडशे-दोनशे लिटर, असं तीन-चार वेळा. शंभर कलमांच्या बागेला एका वेळेस वीस हजार लिटर लागले. कातळावर विहीर नसते, फेब्रुवारीत हे पाणी आणायचं कुठून? फळांना कागदी पिशव्या बांधल्या तर डाग आणि फळमाशी दोन्ही टळतात. ज्यांच्याकडे माणसं आहेत आणि झाडं ठेंगणी आहेत ते हे करतात. पन्नास फुटी जुन्या कलमावर चढून पिशव्या कोण बांधणार? म्हणून जुन्या झाडांची छाटणी करून उंची कमी करण्याकडे कल वाढतोय.

दुसरी जात लावणं हाही मार्ग आहे. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून 'रत्ना' काढला, पुढे 'सिंधू'. रत्नाला दरवर्षी फळ येतं आणि त्यात साका होत नाही. तरीही पावसच्या वाटेवर पाटी दिसते ती हापूसचीच, कारण गिऱ्हाईक हापूस मागतं. २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही हापूसलाच.

राहिला विमा. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत आंब्यासाठी अवेळी पाऊस, कमी तापमान, जास्त तापमान, वेगाचा वारा आणि गारपीट हे धोके धरलेले आहेत. नुकसान बागेत येऊन मोजत नाहीत, महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राची नोंद बघतात. ठरलेल्या काळात, सलग ठरावीक दिवस पारा ठरलेल्या अंशांच्या वर किंवा खाली गेला तरच भरपाई. यात थंडी जास्त पडली तर पैसे आहेत, मार्चनंतर ऊन तापलं तर पैसे आहेत. पण नोव्हेंबर-डिसेंबरात थंडी पडलीच नाही, मोहोराऐवजी पालवी आली, याला खाना नाही. शिवाय केंद्र पावसच्या एका ठिकाणी, आणि बागा कुठे खाडीकाठी, कुठे सड्यावर. सड्यावरच्या कातळावर फेब्रुवारीच्या दुपारी जे तापतं ते खाडीकाठच्या झाडाखाली तापत नाही. योजना वाईट आहे असं नाही, ती मिळाल्याने अनेकांची कर्जं भागली आहेत. पण तिचे निकष ज्या हवामानावर बेतले होते, ते हवामान आता बदललंय.

तुम्ही पेटी घेणार असाल तर

दरवर्षी जानेवारीत, कधी त्याच्याही आधी, "हापूसची पहिली पेटी वाशीत दाखल" अशी बातमी येते आणि हार घातलेल्या पेटीचा फोटो व्हायरल होतो. त्यावरून हंगामाचा अंदाज बांधू नका. तो आंबा सप्टेंबर-ऑक्टोबरात चुकून मोहोरलेल्या आणि जिवापाड जपलेल्या मोजक्या झाडांचा असतो. बाकीच्या बागेत तेव्हा पालवी आहे की मोहोर, हे त्या पेटीतून कळत नाही.

त्यापेक्षा सोपा मार्ग आहे. हवामान विभाग रत्नागिरीचं रोजचं किमान तापमान जाहीर करतो. नोव्हेंबरच्या शेवटापासून ते बघत राहा. पारा सलग आठ-दहा दिवस अठराच्या आसपास किंवा खाली राहिला की ती तारीख लिहून ठेवा. मोहोर दिसायला दोनेक आठवडे आणि पुढे साडेतीन-चार महिने मोजा. ती तारीख एप्रिलच्या मध्यावर आली तर पेटीची घाई करू नका, आंबा भरपूर येईल. ती मेच्या दुसऱ्या आठवड्यापलीकडे गेली, तर ओळखीच्या बागायतदाराला आत्ताच फोन करून ठेवा, आणि मार्चमध्ये "रत्नागिरी हापूस" म्हणून कोणी स्वस्तात पेटी देत असेल तर ती आली कुठून, हे विचारा.